दीड तासाचा पेपर, वर्षभराची वाट

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे गावाला वाटतं, प्रवेशाचं सगळं बाईंना ठाऊक. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, नर्सिंगला किती टक्के लागतात?" दुसरा जरा आवाज खाली आणून येतो, "आणि पैसे किती लागतील?" उत्तर देण्याआधी मी विचारते, जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यातलं आज हातात काय काय आहे? पलीकडे बहुतेक वेळा शांतता पसरते.

गुण कमी पडले म्हणून अडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पण वेळेत न निघालेला कागद, कुणी तरी दिलेली चुकीची माहिती आणि घाईत धरलेलं कॉलेज यांनी ज्यांचं वर्ष किंवा घरचे पैसे गेले, अशा मुली मी त्याहून कितीतरी जास्त पाहिल्या. तयारी सगळी पेपरची होते आणि घात भलतीकडेच होतो. म्हणून ही वाट सुरुवातीपासून सांगते.

आधी कशाला काय म्हणतात ते. नर्सिंगला जायचे मुख्य रस्ते तीन. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. बीएस्सीला बारावी विज्ञान हवं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत आणि खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, मात्र इंग्रजी असावं लागतं आणि ४० टक्के हवेत. एएनएमलाही कला शाखेची मुलगी जाऊ शकते. वय मात्र प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण झालेलं पाहिजे. लवकर शाळेत घातलेल्या मुली दोन-चार महिन्यांनी इथे अडकतात, आणि त्याला कुणाचाच इलाज नसतो.

या तीन रस्त्यांबद्दल एक मोठा गैरसमज आहे की एएनएम किंवा जीएनएम धरलं की पुढचं दार बंद. ते खरं नाही. नोंदणी झालेल्या एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं आणि तिथून पुढे एमएस्सीचा रस्ता खुला असतो. वेळ जास्त लागतो हे खरं, पण जीएनएमनंतर नोकरी धरून मुलगी मधल्या काळात घराला हातभार लावते. ज्या घरात धाकटी भावंडं शिकायची आहेत, तिथे हा हिशेब मला नेहमी शहाणपणाचा वाटत आला आहे.

आता घरातल्या नकाराकडे येते, कारण पुष्कळ मुलींची पहिली परीक्षा जेवणाच्या ताटावरच होते. "लोकांची घाण काढायला तुला शिकवलं का?" "रात्रपाळी करणाऱ्या मुलीचं लग्न कसं जमायचं?" हे प्रश्न आजचे नाहीत. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळावं अशी खटपट केली. त्यांत विधवा पुष्कळ. सोवळ्या-ओवळ्याच्या त्या दिवसांत परजातीच्या रोग्याला हात लावायचा, परपुरुषाचं अंग पुसायचं, म्हणजे घरांनी काय म्हटलं असेल याची कल्पना करा. तरी बायका गेल्या, शिकल्या, पगार आणू लागल्या. त्याच्याही आधी, १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना स्वतः प्लेगने गेल्या. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. आजच्या त्या एसएनडीटी विद्यापीठात १९६४ मध्ये लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय उभं राहिलं. 'लोकांची घाण' इथपासून विद्यापीठाच्या पदवीपर्यंतचं अंतर मराठी बायकांनीच चालून काढलं आहे. वडिलांशी बोलताना मी हे आवर्जून सांगते.

आणि त्या 'घाणी'बद्दलही सांगते. बेडपॅन उचलणारी नर्स त्यात काय पाहते? लघवी गडद आहे का, दिवसभरात किती झाली, शौच काळं आहे का. डांबरासारखं काळं शौच म्हणजे पोटात कुठे तरी रक्त जात असल्याची खूण असू शकते. रोग्याचं अंग पुसताना ती माकडहाडावरची, टाचेवरची कातडी बघते. तिथला लालपणा दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर बिछान्याचे व्रण धरायला सुरुवात झाली असं समजायचं, आणि त्याच तासापासून कूस बदलायचं वेळापत्रक लावायचं. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा येऊन जातात. मधले सगळे तास हे डोळे तिथे असतात. हे समजल्यावर विरोध मावळलेले वडील मी पाहिलेत. आया मात्र रात्रपाळीवर अडतात, आणि त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. त्यांना एवढंच म्हणते, होस्टेल कुठे आहे, वॉर्डापासून किती लांब आहे, रात्री ने-आण कोण करतं, हे कॉलेजला तोंडावर विचारा. हा प्रश्न विचारण्याचा आईला हक्क आहे.

मुलग्यांचा नकार वेगळा असतो. "पोरगा होऊन नर्स?" बीएस्सी आणि जीएनएमला मुलगे जाऊ शकतात, आणि मानसोपचार, अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, अपघात विभाग इथे ते उत्तम काम करतात. मात्र एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांच्या आणि २० टक्के पुरुषांच्या असतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता पेपर. बीएस्सी नर्सिंगचे प्रवेश मध्यंतरी काही वर्षं नीटच्या गुणांवर होत. पुढे राज्याच्या सीईटी कक्षाने वेगळी परीक्षा सुरू केली. ती संगणकावर होते. १०० प्रश्न, १०० गुण, वेळ ९० मिनिटं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकी २० प्रश्न. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडण्यात काहीच अर्थ नाही. अलीकडे जीएनएम-एएनएमच्या प्रवेशासाठीही सीईटी आली आहे. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून मावसबहिणीच्या वर्षीचं ऐकून चालू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.

या पेपरात खेड्यातली मुलगी दोन ठिकाणी मागे पडते. एक इंग्रजी, दुसरा माऊस. जिने कधी संगणकावर परीक्षा दिली नाही, तिची पहिली दहा मिनिटं नुसती सावरण्यात जातात. सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत चार-पाच सराव चाचण्या दिल्या की ही भीती निघून जाते. इंग्रजीला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि तो वाया जात नाही, कारण पुढचं सगळं शिक्षण इंग्रजी पुस्तकांतून आहे. निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो, तेही समजून घ्या. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० गुण नाहीत. परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण ८० टक्के उमेदवार तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ५५-६० गुण पडले म्हणून रडत बसलेल्या मुलीचं पर्सेंटाइल चांगलं निघालेलं मी पाहिलं आहे.

बारावी विज्ञानाच्या मुलींनी नीटचा फॉर्म भरताना आणखी एक दार लक्षात ठेवावं. लष्करी रुग्णालयांच्या नर्सिंग कॉलेजांत बीएस्सी नर्सिंगसाठी मुलींना नीटच्या गुणांवर निवडतात. पुण्याचं सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईची अश्विनी ही त्यांतली दोन आपल्या राज्यातच आहेत. शिक्षण आणि राहणं-जेवण सरकारी खर्चाने होतं, आणि नंतर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी म्हणून नेमणूक मिळते. त्यासाठी सेवेचा बाँड लिहून द्यावा लागतो. जागा थोड्या आणि स्पर्धा कडक. पण ज्या घराला फी झेपणारच नाही, त्या घरातल्या हुशार मुलीला याचा पत्ता नसणं मला फार लागतं.

पेपर दीड तासात संपतो. कागद संपत नाहीत. अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, आणि मध्ये एखादं वर्ष घरी बसलेली असेल तर गॅप सर्टिफिकेट. हे सगळं शाळेतून, डॉक्टरांकडून, सेतू केंद्रातून, तहसील कचेरीतून काही दिवसांत निघतं. खरं रडवते ती जात वैधता. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही. पडताळणी समितीने तो तपासून दिलेलं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी जुना पुरावा शोधावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबांच्या नाहीतर पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, नाहीतर गाव नमुना चौदाचा जन्म-मृत्यूचा उतारा. आजोबा शाळेतच गेले नव्हते, अशी घरं किती आहेत हे तहसिलाच्या बाहेर एक दिवस उभं राहिलं की कळतं.

यावर उपाय एकच, लवकर सुरुवात. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज टाकता येतो. वडिलांना, सख्ख्या भावाला किंवा चुलत्याला आधीच वैधता मिळाली असेल तर ती प्रत जोडा. काम बरंच हलकं होतं. नॉन-क्रिमीलेअरची मुदतही बघा. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं, आणि नेमकं ते आदल्या मार्चमध्ये संपलेलं असतं. नावांतला फरक ही तिसरी कटकट. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव 'सुनिता', आधारवर 'सुनीता'. हसण्यावारी नेऊ नका. फॉर्म भरण्याआधी सगळे कागद एका चटईवर मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

पैशाचं सांगते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत दिली. आधी ती ५० टक्के होती. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहेच. अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा. पण सवलतीची मेख अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला पाहिजे. "फेऱ्या कशाला, थेट या, सीट पक्की करून देतो," असं कुणी म्हणालं आणि तुम्ही संस्थेच्या कोट्यातून गेलात, की ही सवलत हातची गेली. हे मला सगळ्यात जास्त वेळा, आणि नेहमी उशिरा, सांगावं लागतं. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून जाहीर करतं. ती बघा आणि कॉलेज मागतंय त्या आकड्याशी ताडा. डोनेशन घेणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. मूळ कागद कुणाच्याही हाती देताना शिक्क्याची पावती घ्या आणि सगळ्याच्या दोन झेरॉक्स घरी ठेवा.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, एसटी स्टँडच्या आसपास, जिन्यावर एखादी पाटी दिसते. 'नर्सिंग कोर्स, सहा महिने, नोकरीची हमी.' दहावी नापासही चालते. पांढरा ड्रेस मिळतो, गळ्यात ओळखपत्र मिळतं, एखाद्या छोट्या दवाखान्यात कामालाही पाठवतात. मुलीला आणि आईबापांना वाटतं, पोरगी नर्स झाली. ती नर्स झालेली नसते. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते, आणि ती मान्यताप्राप्त एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सीशिवाय मिळत नाही. रुग्ण-सहायकाचा प्रामाणिक कोर्स वेगळा. तो सहायकाचं काम शिकवतो आणि तसं सांगतो. पण सहायकाचं शिक्षण नर्सिंग म्हणून विकणं ही फसवणूक आहे. वडिलांनी शेतावर कर्ज काढून भरलेली फी अशी गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या मुलीने तीन वर्षं एका दवाखान्यात इंजेक्शनं दिली. सरकारी भरतीचा अर्ज भरताना 'नोंदणी क्रमांक' या रकान्यापाशी तिला पहिल्यांदा कळलं, की तिच्याकडे क्रमांकच नाही. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

परराज्यातल्या कॉलेजांचे एजंट गावोगाव फिरतात, त्यांच्याशी बोलतानाही हीच कसोटी लावा. तिकडची सगळी कॉलेजं वाईट असं मुळीच नाही. पण "हजेरीचं आम्ही बघतो, परीक्षेपुरतं या" असं कुणी म्हटलं, तर तिथून उठा. हजेरी न लावता शिकलेल्या नर्सच्या हाती आपल्या घरचं माणूस आपण देऊ का, एवढंच स्वतःला विचारा.

कॉलेज निवडताना लोक इमारत बघतात, बस बघतात, प्रवेशद्वारावरची कमान बघतात. मी रुग्णालय बघायला सांगते. नियमाप्रमाणे नर्सिंग कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय हवं. ते कागदावर आहे की रोगी खरोखर दाखल आहेत, हे दुपारी अकरा-बाराच्या सुमारास वॉर्डातून एक फेरी मारली की कळतं. रिकाम्या खाटांवर नर्सिंग शिकता येत नाही. प्रसूती कक्षात बाळंतपणं होतात का? लहान मुलांचा वॉर्ड भरलेला आहे का? पोस्टिंग कोणकोणत्या रुग्णालयांत मिळतं? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना बाजूला घेऊन विचारा, ट्यूटर वॉर्डात येतात का, की मुलींना नुसतं स्टाफच्या हाताखाली राबवून घेतात. जिल्ह्याच्या सिव्हिलला जोडलेली साधी जुनी शाळा मला कित्येकदा चकचकीत कॉलेजपेक्षा सरस वाटली आहे. भिंतीला ओल असते, पण वॉर्डात श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि शिकायला तेच लागतं. पर्याय भरताना ही माहिती हाताशी असली की पहिली पसंती कुठली, हे कुणाला विचारावं लागत नाही.

या वर्षी जमलं नाही, तर? सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत यादीवरून नजर काढू नका. शेवटच्या फेऱ्यांत जागा मोकळ्या होतात. तरीही हुकलं, तर एक वर्ष थांबणं हा काही कलंक नाही. फक्त ते वर्ष वैधता काढण्यात, इंग्रजीत आणि सराव चाचण्यांत घाला. जीएनएम मिळत असेल आणि कॉलेज चांगलं असेल, तर मी बीएस्सीसाठी थांबायला सांगत नाही.

प्रवेश झाल्यावरचे पहिले तीन महिनेही प्रवेशाचाच भाग समजा, कारण पुष्कळ मुली घरी परततात त्या तेव्हाच. मराठी माध्यमातून आलेली मुलगी शरीररचनेचं पुस्तक उघडते आणि घाबरते. तिला मी शब्द फोडायला शिकवते. शेवटी 'आयटिस' आलं की दाह. गॅस्ट्रायटिस जठराचा, हिपॅटायटिस यकृताचा. पुढे 'ब्रॅडी' असेल तर मंद, 'टॅकी' असेल तर जलद. असे शे-दीडशे तुकडे पाठ झाले की पुस्तक बोलायला लागतं. गणिताची भीती त्याहून मोठी, आणि ती उगाच. अमिकासिनच्या कुपीत २ मिलीत ५०० मिलिग्रॅम औषध आहे, डॉक्टरांनी ३७५ लिहिलंय, तर किती मिली भरायचं? दीड. ५०० मिलीची सलाइन चार तासांत जायची आहे आणि सेटमधून एका मिलीला २० थेंब पडतात. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, २४० मिनिटं, मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे आपलं शाळेतलं त्रैराशिकच आहे. फक्त इथे उत्तर चुकलं तर शाईच्या लाल रेघेवर भागत नाही.

आणि पहिला वॉर्ड. एका वर्षी एक मुलगी मधुमेहाने चिघळलेल्या पायाचं ड्रेसिंग बघता बघता खाली बसली. डोळे फिरले, घाम सुटला. पाणी पाजून तिला होस्टेलवर पाठवलं. संध्याकाळी ती सामान बांधत होती. मी तिला थांब म्हटलं नाही. माझ्या पहिल्या वॉर्डात मीही अशीच बसले होते आणि त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, एवढंच सांगितलं. "तू खाल्लं होतंस का?" तिने मान हलवली, नाही. दुसऱ्या दिवशी ती नाश्ता करून आली. ड्रेसिंगला नको म्हणाली, म्हणून मी तिला कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्या आजींचं अंग पुसायला दिलं. वीस मिनिटांनी ती माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आजींच्या डाव्या टाचेवर लाल झालंय. दाबलं तरी जात नाही." आम्ही दोघींनी मिळून आजींच्या पोटरीखाली उशी सरकवली, टाच अधांतरी केली, आणि कूस बदलायच्या वेळा तिने स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून खाटेच्या पायथ्याशी लावल्या.